न बदलणारे तिकीट आणि मोडलेला पाय

व्यापारी घरात पैशाचे मोल लहानपणापासून शिकविले जाते. काहीही वाया जाऊ द्यायचे नाही, हा तेथील पहिला धडा. परंतु कधी कधी हाच धडा नको त्या ठिकाणी लावला जातो आणि त्याची किंमत घरातील एखाद्या माणसाच्या शरीराला मोजावी लागते.

सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका एकत्र कुटुंबातील हा प्रसंग. सहा जणांनी अंदमानला जाण्याचे ठरविले होते. पुण्याहून चेन्नई आणि तेथून श्री विजयपुरम, म्हणजेच पूर्वीचे पोर्ट ब्लेअर. जाण्यायेण्याचे तिकीट माणशी १८,००० रुपये. तारीख बदलता येणार नाही आणि रद्द केल्यास मूळ भाडे परत मिळणार नाही, या अटीमुळेच ते स्वस्त पडले होते. सेल्युलर जेलमधील स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी, ही घरातील आईंची कित्येक वर्षांची इच्छा. निघण्यास पाच दिवस उरले असताना गोदामाच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. घोट्याचे हाड मोडले आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर चढले.

प्लॅस्टर वाळण्यापूर्वीच आईंनी सांगून टाकले, "मी येणारच. अठरा हजार रुपये काय पाण्यात घालायचे?" मुलाने विमान कंपनीकडे चौकशी केली. तारीख बदलणार नाही आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावरही होणार नाही, असे उत्तर आले. धाकट्याचे म्हणणे, विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, आईला नेऊ या. थोरल्या सुनेचे म्हणणे, सगळेच जाणे रद्द करू या. आई रात्री कण्हत असत आणि सकाळी कोणी विचारले की "काही दुखत नाही" म्हणत. आपल्यामुळे घराचे पैसे बुडतात, ही टोचणी त्यांना पायापेक्षा अधिक दुखत होती.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर अण्णांनी मुलाला विचारले, "मागल्या वर्षी कीड लागलेली हळद आपण कोणत्या भावाने काढली?"

"मिळेल त्या भावाने."

"खरेदीचा भाव पाहिला होतास?"

मुलगा काही बोलला नाही.

वाणिज्यशास्त्रात यालाच बुडीत खर्च म्हणतात. जो पैसा कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नाही, तो पुढील निर्णयाच्या हिशेबात धरायचा नसतो. पेढीवर बसणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. घरात मात्र तोच माणूस तिकिटाचा आकडा पाहून मोडलेला पाय विमानात चढवायला निघतो. आई गेल्या तरी मूळ भाडे गेलेलेच आणि न गेल्या तरी गेलेलेच. पाहायचे होते ते एवढेच, की आजपासून पुढे जाण्यात काय मिळेल आणि काय सोसावे लागेल.

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञांपुढे ठेवण्यात आला. ताज्या अस्थिभंगानंतर पायाला सूज येते आणि प्लॅस्टर आवळू लागते. त्यामुळे दोन तासांहून अधिक लांबच्या प्रवासासाठी ४८ तासांच्या आतील प्लॅस्टर चिरून घेतलेले असावे, असा अनेक विमान कंपन्यांचा नियम आहे. ती मुदत येथे उलटून जाणार होती. हालचाल न करता बराच वेळ बसल्याने पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तोही औषधाने कमी करता आला असता. डॉक्टरांनी प्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र देण्याची तयारीही दाखविली. मग त्यांनी विचारले, "पण विमानातून उतरल्यावर काय?" सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. स्वराजद्वीपला जायचे तर हलत्या बोटीत चढणे आले. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. ज्या गोष्टीसाठी जायचे, तीच खालून पाहून परतावे लागले असते.

निर्णय आईंनी स्वतः घेतला. अण्णा त्यांच्याजवळ थांबले आणि उरलेले चौघे निघाले.

गेलेल्या पैशाचा शोक करायचा नाही, याचा अर्थ हक्काचा पैसा सोडून द्यायचा असा मात्र नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक घेता येत नाही. शासकीय कर आणि विमानतळाचे वापर शुल्क व विकास शुल्क परत करावेच लागते, तिकीट सवलतीचे आणि परतावा नसलेले असले तरीही. परतावा रोख घ्यायचा की पुढील प्रवासासाठी जमा ठेवायचा, हे ठरविण्याचा अधिकार प्रवाशाचा असतो. तिकीट एजंटामार्फत काढले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच. या कुटुंबाला दोन तिकिटांमागे सुमारे ५,००० रुपये अशा रीतीने परत मिळाले.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सर्वांचे तिकीट एकाच पीएनआरवर असेल, तर न जाणाऱ्यांची तिकिटे आधी वेगळी करून घ्यावीत. नाहीतर घाईत सर्वांचीच रद्द होण्याची भीती असते. आणि जखमी माणसाने पहिला टप्पा सोडून पुढे गाठू असा विचार करू नये. पहिले विमान न घेतल्यास त्याच तिकिटावरील पुढचे टप्पे आणि परतीचा प्रवासही बहुधा आपोआप रद्द होतो. वैद्यकीय कारणास्तव आणखी सवलत द्यायची की नाही, हे बहुतांशी कंपनीच्या धोरणावर असते. परंतु डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह लेखी विनंती करण्यास खर्च काहीच येत नाही. जाण्याचेच ठरले, तर चाकाच्या खुर्चीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी.

प्रवास विमा घेतला असता तर बरेच निभावले असते. मात्र तो अपघातापूर्वी घेतलेला हवा, आणि सहल रद्द झाल्याची भरपाई त्यात आहे का, त्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याची अट आहे का, हे पैसे भरण्याआधी वाचायला हवे. घरात साठीपुढची माणसे असतील, तर निदान त्यांची तिकिटे तरी तारीख बदलता येणारी काढावीत. वरचे चार पैसे हा त्या जोखमीचा हप्ताच समजावा.

चौथ्या दिवशी नातीने कोठडीसमोर उभे राहून आजीला फोनवरून सारे दाखविले. आईंनी मन लावून पाहिले आणि म्हणाल्या, "उतरताना पायऱ्या मोजून ये." प्लॅस्टर निघाल्यावर त्यांनी घरच्या जिन्यावर रोज चढउतार सुरू केली. जानेवारीची दोन तिकिटे अण्णांनी काढली आहेत. ती थोडी महाग पडली, पण त्यांची तारीख बदलता येते.