रिकाम्या घराची सात वर्षं

गोव्याला गेल्यावर आपण काय करतो? बीच, शॅक, फिश थाळी आणि परत बीच! आमच्या ऑफिस गँगनंही तेच केलं. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी ओल्ड गोवा आठवलं. बॉम जेझूसपाशी मंडळी फोटोत अडकली आणि मी एकटाच मॉन्ते सांतो टेकडीवर गेलो.

वर सेंट ऑगस्टीन चर्चचा उरलेला मनोरा आहे. जांभ्या दगडाचा, 46 मीटर उंच आणि अर्धाच! ऑगस्टिनियन साधू 1572 मध्ये गोव्यात आले. 1602 मध्ये त्यांचं हे चर्च पूर्ण झालं, शेजारी मोठा मठ. पुढे 1627 मध्ये जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी इथे आणल्या गेल्या. धर्म सोडला नाही म्हणून तिला 1624 मध्ये इराणात ठार केलं होतं.

मग 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं मठ बंद केले. साधू गेले. आणि 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं. ना लढाई, ना भूकंप. फक्त सात वर्षं कुणी राहिलं नाही, बस! दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा 1931 मध्ये पडला.

रात्री बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या घरची भिंत पडून राहिली, अन् तू पडकं चर्च पाहाले गेल्ता?"

खरंय. शेंदूरजनाघाटचं आमचं घर आजी गेल्यापासून बंद आहे. पाच वर्षं झाली. बाबा अमरावतीला, मी पुण्यात. संत्र्याच्या बागेतला हिशेब मी विचारतो, घराचा विषय टाळतो. विकायचं की ठेवायचं, हे बाबा माझ्यावर सोडून बसलेत.

पण त्या चर्चचं सगळंच गेलं नाही हं. तिथली घंटा 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. राणीचं हाड उत्खननात सापडलं, हैदराबादला डीएनए तपासला गेला आणि 2021 मध्ये भारतानं अवशेषांचा भाग जॉर्जियाला दिला. कुणीतरी उचललं, कुणीतरी शोधलं, म्हणून उरलं.

घर ठेवायचं की नाही, अजून ठरलेलं नाही. पण शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. आधी कुलूप तर उघडू, आजीचा पितळी हंडा बाहेर काढू आणि भिंतीखाली टेकू लावू. बाकीचं बाबांशी ओसरीवर बसून बोलू.

तुमच्या गावच्या घराची चावी कुणाकडे आहे?