डोक्याला मार लागलेला रुग्ण घरी येतो, तेव्हा खर्च कोण देतं?

अपघातात डोक्याला जबर मार लागला की पहिले काही दिवस सगळ्यांचं लक्ष आयसीयू आणि ऑपरेशनवर असतं. सरकारी मदतही बहुतेक याच टप्प्यावर मिळते. केंद्राच्या मे २०२५ मधल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीवर ठरलेल्या हॉस्पिटलांत ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार होतात. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

पण मेंदूची गंभीर दुखापत ७ दिवसांत बरी होत नाही.

घरी आल्यावर काय लागतं?

नाकातल्या नळीतून अन्न, घशातल्या नळीसाठी सक्शन मशीन, एअर बेड, डायपर, फिट येऊ नये म्हणून गोळ्या, महिनोन्‌महिने फिजिओथेरपी. बेडसोर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस हवा, रात्रीसुद्धा. ब्युरोतून मावशी ठेवणं परवडत नाही, तिथे घरातलंच कुणीतरी नोकरी सोडतं, आणि ते बहुधा बायको किंवा आईच असते. हा बुडालेला पगार कुठल्याही बिलावर दिसत नाही.

आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरले जातात. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत ६० दिवस. विमा नियामकाच्या यादीत डायपर आणि खासगी नर्सचा खर्च सहसा न मिळणाऱ्या बाबींमध्ये आहे. म्हणजे जे रोज लागतं, तेच नेमकं वगळलेलं.

मग पैसे येणार कुठून?

चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून. अपघातात मेंदूला कायमची इजा झालेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये एकूण ६२.२७ लाख रुपये भरपाई दिली. त्यातले २१.६० लाख फक्त सांभाळणाऱ्या माणसांसाठी होते. दोन माणसं, प्रत्येकी महिना ५ हजार. (या पैशांत आज पुण्या-मुंबईत दिवसभरासाठी कोण मिळेल, हा प्रश्नच आहे.) शिवाय अपघात २००७ चा होता. अंतिम रक्कम ठरायला १२ वर्षं लागली.

धडक देणारा पळून गेला आणि सापडलाच नाही, तर गंभीर जखमीला सरकारी भरपाई फक्त ५० हजार. बाईक स्वतःहून घसरली, तर थर्ड पार्टी विम्यातून चालवणाऱ्याला काहीच मिळत नाही. गाडीमालक स्वतः चालवत असेल, लायसन्स वैध असेल आणि कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यावर दावा करता येतो. अनेकांना आपल्या पॉलिसीत तो आहे हेच माहीत नसतं.

न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्यात ६ महिन्यांची मुदत आहे. तिला कोर्टात आव्हान दिलं गेलंय, तरी मुदतीतच अर्ज केलेला बरा. सोबत एफआयआर, डिस्चार्ज कार्ड आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. फिजिओथेरपिस्ट आणि ब्युरोच्या पावत्याही पहिल्या दिवसापासून जपून ठेवाव्यात. पैसे रोख दिले असतील, तरी सहीची पावती मागून घ्यावी.