आरेत मेट्रोचे डबे आले ट्रेलरवर. ट्रेलरवर नव्याने बसणाऱ्या पोरांनी आधी काय तपासायचं?

विशेष विश्लेषण

मुंबईच्या आरे कॉलनीतल्या मेट्रो कारशेडचा वाद गावोगावी टीव्हीवर बघितला गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत सुरू झालेली झाडतोड, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ती पुन्हा आरेत, हे सगळं बहुतेकांना तोंडपाठ आहे. मेट्रो आरेत पोहोचली कशी, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ती रुळावरून आली नाही, रस्त्यावरून आली. डबे आंध्र प्रदेशातल्या श्री सिटी इथल्या कारखान्यात तयार झाले आणि कर्नाटक ओलांडून, हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून, ट्रेलरवर बसून मुंबईत आले.

एका डब्याचं वजन सुमारे ४२ टन. त्यासाठी ८ ॲक्सल आणि ६४ चाकांचे खास ट्रेलर लावले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिले डबे आरेतल्या सारिपुतनगरला पोहोचले, क्रेनने उतरवून जोडले गेले आणि ३० ऑगस्टला पहिली चाचणी झाली. ५ ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतची पूर्ण ३३.५ किलोमीटरची लाइन खुली झाली. या लाइनसाठी ३१ गाड्यांची, म्हणजे २४८ डब्यांची मागणी नोंदवली होती. एका ट्रेलरवर एक डबा असा हिशोब धरला तर चालकांच्या किती फेऱ्या झाल्या असतील ते लक्षात येईल.

हे काम थांबलेलं नाही. आरेच्या एका बाजूने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रो ६ चं काम चालू आहे. दुसऱ्या बाजूला फिल्मसिटीकडून मुलुंडला जाणाऱ्या गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा ४.७ किलोमीटरचा जुळा बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जायचा आहे. गर्डर, लोखंडी सळ्या, बोगदा खोदणाऱ्या यंत्राचे सुटे भाग, क्रेन, पोकलेन हे सगळं बंद बॉडीच्या ट्रकमध्ये मावत नाही. त्याला उघडा, सपाट ट्रेलर लागतो आणि ट्रेलर म्हटलं की चालक आला.

काम आहे, मग माणसं का टिकत नाहीत?

देशात २२ लाख चालकांची कमतरता असल्याचं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं. एकीकडे गावात पोरं कामासाठी फिरतायत, दुसरीकडे गाड्या चालकाविना उभ्या राहतायत. ऊसपट्ट्यातल्या पोरांना तर ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून उलट्या लावायची सवय असते. ट्रेलर मागे घेण्यातलं निम्मं कसब तिथेच शिकून झालेलं असतं.

तरी नवीन पोरगा चार-सहा महिन्यांत गाडी सोडून घरी येतो, असं चित्र अनेक गावांत दिसतं. पगार कमी, घरापासून लांब, झोप नाही, ही कारणं सगळेच सांगतात. उघड्या ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक मोठं कारण आहे. माल कोणता भरायचा, किती भरायचा आणि कधी पोहोचवायचा हे चालक ठरवत नाही. पण रस्त्यात काही झालं की पोलीस, आरटीओ आणि जीएसटीचे अधिकारी पहिला हात चालकाच्याच खिडकीवर मारतात. अधिकार दुसऱ्याचा आणि जबाबदारी चालकाची, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे पहिल्या फेरीआधी काय विचारलं, काय तपासलं, यावर ही नोकरी टिकणार की अंगावर येणार हे बरंचसं ठरतं.

लायसनचा घोळ

६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मोठा निकाल दिला. हलक्या वाहनाचं लायसन असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवू शकतो, असं त्यात स्पष्ट झालं. पिकअप, छोटा हत्ती चालवणाऱ्यांना याचा मोठा दिलासा मिळाला. पण "आता कुठलंही लायसन चालतं" असा त्याचा अर्थ काही ठिकाणी काढला जातोय. तो चुकीचा आहे.

ट्रेलर ७,५०० किलोच्या कितीतरी वर जातो. त्याला त्या वर्गाचं मालवाहू वाहनाचं लायसनच लागतं. त्यासाठी वय २० पूर्ण हवं आणि शिकाऊ लायसन काढण्याआधी हलक्या वाहनाचं लायसन किमान एक वर्ष जुनं हवं. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. शाळा अर्धवट सुटलेल्या पोरांसाठी हा रस्ता आता मोकळा आहे. मालक म्हणाला, "चल रे, पुढच्या महिन्यात काढू लायसन," तरी स्टिअरिंगला हात लावू नये. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न लायसनचाच काढते आणि भरपाईचं प्रकरण वर्षानुवर्षं लटकतं.

बांधणी चुकली तर ब्रेकही कामाचा नाही

बंद बॉडीत माल हलला तर फाळक्याला अडतो. सपाट ट्रेलरवर त्याला अडवायला साखळी आणि पट्ट्याशिवाय काहीच नसतं. युरोपात बांधणीचा हिशोब असा करतात की जोरात ब्रेक दाबल्यावर माल स्वतःच्या वजनाच्या ८० टक्के इतक्या जोराने पुढे ढकलला जातो. म्हणजे २० टनांची लोखंडी कॉइल असेल तर केबिनच्या दिशेने १६ टनांचा धक्का. वळणावर बाजूला निम्म्या वजनाचा जोर धरतात. नायलॉनच्या दोरीच्या चार वेढ्यांनी हे थांबत नाही.

अमेरिकेत नियम आहे की सगळ्या साखळ्या-पट्ट्यांची मिळून ताकद मालाच्या वजनाच्या निम्मी तरी असली पाहिजे. निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून बांधणी पुन्हा तपासायची आणि पुढेही ठरावीक अंतराने बघत राहायचं. कारण माल हादऱ्याने बसतो आणि पट्टा ढिला पडतो. हे करायला मालकाची परवानगी लागत नाही, पैसाही लागत नाही. पहिल्या टोलनाक्यावर, नंतर प्रत्येक चहाच्या थांब्यावर गाडीभोवती एक चक्कर मारली तरी पुष्कळ आहे. बोरघाटासारख्या उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा नाद तर जीवावर बेततो. जड ट्रेलरला उतारावर गिअरच धरून ठेवतो. नुसत्या ब्रेकवर उतरायला गेलं की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत.

ऊसाच्या ट्रॉलीची एक सवय इथे मोडावी लागते. बाजूला, मागे माल लोंबत असला तरी गावाकडे कोणी फारसं विचारत नाही. महामार्गावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे माल बाजूला, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर २०,००० रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च वेगळा. वजन जास्त झालं तर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. काट्यावर गाडी न थांबवता पळवली तर ४०,००० रुपये. कायद्यात "जो चालवतो" आणि "जो चालवायला लावतो" असे दोघंही येतात. व्यवहारात सापडतो तो चालवणारा.

मेट्रोच्या डब्यासारखा मोठा माल असेल तर गोष्ट आणखी वेगळी. साधारण वाहनाला २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे आणि डबा तीन मीटरहून रुंद. अशा मालाला खास परवानगी, ठरलेला रस्ता आणि ठरलेली वेळ लागते. ती परवानगी मालकाच्या ऑफिसात असून उपयोग नाही, केबिनमध्ये हवी.

ई-वे बिलाचं घड्याळ

साध्या मालाचं ई-वे बिल २०० किलोमीटरला एक दिवस चालतं. मोठ्या आकाराच्या मालाला मात्र २० किलोमीटरला एक दिवस मिळतो. म्हणजे कागदावर त्याला दहापट वेळ दिलेला आहे. पण ऑफिसातल्या माणसाने बिल काढताना मालाचा प्रकार चुकीचा टाकला तर अवघड मालाला साध्या मालाचं घड्याळ लागतं आणि मुदत रस्त्यातच संपते. मग गाडी अडकते, कर-दंडाचं प्रकरण मिटेपर्यंत हलत नाही. त्या काळात राखण करत बसतो चालक. निघण्याआधी बिलावरची शेवटची तारीख मोबाइलवर बघायला एक मिनिट लागतं.

पगाराची बोली तोंडी नको

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलंय आणि कामाचा दिवस आठ तासांचा धरलाय. ऐकायला चांगलं आहे. पण बारीक अक्षरात एक अडचण आहे. जुना १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला लागू होता. नव्या सुरक्षा संहितेत ही संख्या दहा झाली. तीन गाड्या, तीन चालक आणि तीन क्लीनर असलेला मालक आधी कायद्याच्या आत होता, आता बाहेर गेला. आणि गावाकडची पोरं पहिली नोकरी बहुतेक अशाच छोट्या मालकाकडे धरतात, ओळखीने.

तरी हात अगदी रिकामे नाहीत. वेतन संहितेला कामगारांच्या संख्येची अट नाही. तिच्याप्रमाणे पगारातून एकूण कपात निम्म्याच्या वर करता येत नाही आणि नुकसानीपोटी पैसे कापण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. "काच फुटली, डिझेल जास्त लागलं, दंड बसला" म्हणत महिन्याचा पगार शून्य करणं कायद्यात बसत नाही. छोटा मालक नियुक्तीपत्र देत नसेल तर निदान व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून घ्याव्यात: पगार किती, फेरीचा भत्ता किती, ओव्हरलोडचा दंड कोण भरणार, गाडी बंद पडून उभी राहिली तर त्या दिवसांचे पैसे मिळणार का.

"हिट अँड रन"चं काय झालं?

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात चालकांच्या संपामुळे पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा सगळ्यांना आठवत असतील. अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद हे त्याचं कारण होतं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, पण कलम १०६ चं ते दुसरं पोटकलम तेव्हा बाजूला ठेवलं गेलं. म्हणून अपघात करून पळालं तर चालतं असं मात्र नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहेच, पूर्वी ती दोन वर्षं होती. जखमीला दवाखान्यात नेण्याची आणि पोलिसांना कळवण्याची जबाबदारीही कायद्याने चालकावर आहे. जमाव चाल करून येत असेल तर थेट जवळचं पोलीस ठाणं गाठावं आणि ११२ ला फोन करावा. त्या फोनची नोंद पुढे कोर्टात उपयोगी पडते.

वादाच्या मधोमध गाडी

जुलै २०२२ च्या शेवटी डबे येण्याआधी आरेतल्या रस्त्यालगतच्या झाडांच्या फांद्या छाटल्या गेल्या, रस्ता बंद ठेवला गेला आणि मोठा पोलीस बंदोबस्त लागला. आंदोलक आणि आरेतल्या पाड्यांवरचे आदिवासी यांचा राग प्रकल्पावर होता, चालकावर नव्हता. पण अशा ठिकाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा असतो तो ट्रेलर आणि केबिनमधला माणूस. उद्या गावाकडे पवनचक्कीचं पातं, विजेच्या टॉवरचं लोखंड किंवा मोठा ट्रान्सफॉर्मर घेऊन ट्रेलर येईल तेव्हाही हेच होणार. चालकाने वादात बोलू नये, गाडी दामटू नये, पोलिसांनी सांगितल्याशिवाय हलवू नये आणि उशीर कशामुळे झाला त्याचा फोटो वेळेसकट मालकाला पाठवून ठेवावा.

पहिल्या फेरीआधी एवढं बघाच

- लायसन त्या वर्गाचं आणि मुदतीतलं आहे ना.
- आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी मोबाइलवर आहेत ना. विम्यात चालक धरलाय ना.
- काट्याची पावती आणि बिल्टीवरचं वजन जुळतं ना.
- साखळ्या, पट्टे, लाकडी ठोकळे पुरेसे आहेत ना. झिजलेला पट्टा नाकारावा.
- मोठ्या मालाची परवानगी आणि ई-वे बिलाची मुदत.
- शहरात जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते, ती वेळ आधी विचारावी.
- पगार, भत्ता आणि दंडाची बोली लिहून.

यातली एखादी गोष्ट नसेल तर "नाही, नेत नाही" म्हणायला नवीन पोरगा घाबरतो, काम जाईल म्हणून. पण २२ लाख चालक कमी आहेत हे मालकालाही माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, त्यामागेही चालकाचा थकवा कमी करणं हेच कारण होतं. गरज दोन्हीकडून आहे. ओव्हरलोड गाडी नाकारणाऱ्या चालकाला दुसरी गाडी मिळेल. सैल बांधलेल्या मालाखाली केबिन चेपली गेली तर घरच्यांना दुसरा पोरगा मिळणार नाही.