शब्दांशी दोस्ती : डिफंक्ट

बालमित्रांनो, या आठवड्याचा शब्द आहे 'डिफंक्ट'. स्पेलिंग डी-ई-एफ-यू-एन-सी-टी. म्हणताना जोर द्यायचा तो 'फंक्ट'वर. हे विशेषण पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतं. पण इंग्रजी पेपरात परळ-लालबागची बातमी आली, की बऱ्याचदा दिसतं. 'अ डिफंक्ट टेक्स्टाइल मिल', म्हणजे कायमची बंद पडलेली कापडगिरणी.

यातलं 'कायमची' महत्त्वाचं बरं का! रविवारी बंद असलेलं दुकान 'क्लोज्ड', कारण सोमवारी ते उघडणार. आजोबांचा जुना टाइपरायटर अजून खटखट चालत असेल, तर तो 'ऑब्सोलीट', म्हणजे कालबाह्य. डिफंक्ट नव्हे! पूर्वी इंग्रजीत वारलेल्या माणसालाही डिफंक्ट म्हणत. आता मात्र माणसासाठी 'लेट' वापरायचं आणि संस्था, कंपनी, कायदा, सेवा यांच्यासाठी 'डिफंक्ट'.

मुंबईची ट्रामच घ्या. १८७४ साली ती घोड्यांनी ओढली, १९०७ पासून विजेवर धावली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. तेव्हापासून ही सेवा डिफंक्ट. पण 'दादर टी. टी.' हे नाव लोकांच्या तोंडी अजून आहे. त्यातलं टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस! ट्राम गेली, नाव राहिलं.

एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं उलट झालं. २०१८ साली नाव बदलून प्रभादेवी झालं, गाड्या मात्र थांबतातच. म्हणून ते स्टेशन डिफंक्ट नव्हे. तिथे शब्द हवा 'एर्स्टव्हाइल', म्हणजे पूर्वीचं.

आता थोडी गंमत. लोअर परळची फिनिक्स मिल डिफंक्ट आहे का? गिरणी, हो. पण त्याच नावाची कंपनी चालू आहे आणि मॉल चालवते! तेव्हा वाक्य लिहिताना आपण कशाबद्दल बोलतोय, ते आधी ठरवा.

या शब्दाचं मूळ लॅटिन. तिथे 'डिफंक्टस' म्हणजे नेमून दिलेलं काम पुरं करून मोकळा झालेला. 'फंक्शन' हा त्याचाच भाऊ. ट्रामला हा अर्थ थोडाफार शोभतो. पण गिरण्यांना? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. काही गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, काही नंतर एकेक करून बंद झाल्या. भोंगे थांबले, पाळ्या संपल्या, हजारो घरांतला पगार थांबला. त्या माणसांचं काम पुरं झालं नव्हतं. ते मध्येच सुटलं.

म्हणून 'डिफंक्ट मिल' हा शब्दप्रयोग बरोबर असला, तरी अपुरा आहे. गिरणी बंद आहे एवढंच तो सांगतो. का बंद पडली, कुणाचं काय गेलं, हे सांगायला पुढचं वाक्य लागतं. निबंध लिहाल तेव्हा ते वाक्य गाळू नका.

आता तुमची पाळी! घरातलं बंद पडलेलं घड्याळ डिफंक्ट म्हणाल का? घड्याळजीकडे नेऊन ते चालणार असेल, तर घाई करू नका. आणि आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी होतं आणि आता डिफंक्ट झालं, असं काय काय आहे? त्यातल्या तिघांवर इंग्रजीत एकेक वाक्य लिहा. आई-बाबांनी ती जरूर तपासावीत!