कॅमेऱ्यापुढचा गोपनीय अहवाल

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याची जी हजेरी घेतली, ती सगळ्या देशाने पाहिली. मास्क काढ, खिशातले हात बाहेर काढ आणि लगेच निलंबन! ना चौकशी, ना खुलासा. पुढे डॉक्टर आंदोलनाला उतरले, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी निलंबन होणार नाही असे जाहीर केले आणि मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. आता प्रकरण मिटले म्हणतात. मिटले काहीच नाही. सरकारी रुग्णालयातल्या वरिष्ठ डॉक्टरचे काम तपासायचे कुणी आणि कशावरून, हा प्रश्न होता तिथेच आहे.

आपल्याकडे हे काम पुढारी करतात, तेही कॅमेरा सोबत घेऊन. ऑक्टोबर 2023मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, तेव्हा एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. त्या सफाईने रुग्णालयातले एकही रिक्त पद भरले गेले नाही. खासदारांचा फोटो मात्र चांगला आला.

दुसरी तपासणी कागदावरची, गोपनीय अहवालाची. दर मार्चअखेर स्वयंमूल्यांकन भरायचे, प्रतिवेदन अधिकाऱ्याने गुण द्यायचे, पुनर्विलोकन अधिकाऱ्याने त्याखाली सही ठोकायची. सचोटी, नेतृत्वगुण, वक्तशीरपणा! हे तर तहसीलदारालाही लागू पडते. शल्यचिकित्सकाच्या हाताखाली किती रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरने फोन केला तेव्हा साहेब आले की ‘सकाळी बघू’ म्हणाले, हे कोण विचारतो? वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, ती नावानिशी सांगेल. पण सिस्टरला विचारायची पद्धत नाही. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अध्यापकांसाठी चेहरा ओळखणारी हजेरी आणली आहे. डॉक्टर आवारात आला एवढे त्यातून कळेल, रुग्णापाशी गेला की नाही ते कळणार नाही.

डॉक्टर मंडळींनीही फार साळसूद होऊ नये. बाह्यरुग्ण विभाग निवासी डॉक्टरांवर सोडून दुपारी खासगी दवाखाना गाठणारे सगळ्यांना ठाऊक असतात, आणि सहकाऱ्याची चूक झाकणे हा या व्यवसायाचा जुना आजार आहे. तो फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलमध्ये हृदयशस्त्रक्रियांत लहान मुले दगावत राहिली. भूलतज्ज्ञ स्टीफन बोलसिन आवाज उठवत होते, त्यांचे बराच काळ कुणी ऐकले नाही. ब्रिटनने त्यातून धडा घेतला. 2012च्या अखेरीपासून तिथल्या डॉक्टरला दरवर्षी मूल्यमापनाला सामोरे जावे लागते, सहकाऱ्यांचे आणि रुग्णांचे अभिप्राय दाखवावे लागतात आणि साधारण पाच वर्षांनी परवाना टिकवावा लागतो. आपल्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्यासाठी परिषदा-कार्यशाळांचे 30 गुण पुरतात, रुग्णाचे काय झाले हे कुणी विचारत नाही.

आणि नेमणुका कशा होतात? पुण्याच्या ससूनमध्ये रक्तनमुने बदलल्याच्या आरोपावरून 2024मध्ये ज्या विभागप्रमुखांना अटक झाली, त्यांच्या अधीक्षकपदासाठी आमदाराचे शिफारसपत्र होते. शिफारसीने खुर्ची मिळत असेल तर अहवाल वाचणार कोण?

करायचे ते अवघड नाही. विभागवार मृत्यूंची दरमहा तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष डॉक्टरच्या मूल्यमापनात उतरावेत. तपासणारा त्याच शाखेचा, पण बाहेरच्या महाविद्यालयातला असावा. परिचारिका, निवासी डॉक्टर आणि रुग्ण यांचे म्हणणे लेखी घ्यावे. औषधे, खाटा, माणसे किती कमी होती तेही त्याच कागदावर यावे, म्हणजे सरकारचे पाप डॉक्टरच्या माथी मारता येणार नाही. शेरा संबंधिताला दाखवावा. प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्येच देवदत्त खटल्यात बजावले आहे.

मुख्यमंत्री सावंत यांनी निलंबन थांबवले, ठीक केले. आता रुग्णालयातील तक्रारींची चौकशी वैद्यकीय समितीच करेल आणि मंत्री कॅमेरा घेऊन वॉर्डात शिरणार नाहीत, असा लेखी आदेश त्यांनी काढावा. महाराष्ट्रानेही तो काढावा.