बक्षीस आपल्याच ठेवीतले

नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. कोकणातून घाट चढून जुन्नरकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होत असे, असे परंपरा सांगते. सातवाहनांच्या काळापासून ज्या मुलखाने नाणे पारखून घेतले आणि माल तोलून दिला, त्या जुन्नर-आंबेगावच्या पेठांतून आज मुलांची एक निराळीच देवघेव चालते. शाळा सुटली की दप्तराच्या कप्प्यातून रंगीत कार्डे बाहेर पडतात. त्यांवर विचित्र प्राणी असतात, कोपऱ्यात आकडे असतात, आणि दोन कार्डांच्या बदल्यात एक की चार, याची घासाघीस एखाद्या अडत्याला लाजवील अशी चालते. मोठ्यांना त्यातले काही कळत नाही, आणि जे कळत नाही त्यास बंदी घालणे हा मोठ्यांचा सोपा मार्ग असतो.

उदाहरणादाखल मंचरच्या पेठेतील एक एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. स्टेशनरी व कटलरीचे जुने दुकान, गल्ल्यावर मुलगा, घरी सत्तरीचे दादाजी आणि सहावीची परीक्षा आटोपलेला नातू. मे महिन्यात कपाट आवरताना सूनबाईंना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात शंभरावर कार्डे होती.

"एवढी कार्डे आणलीस कुठून?" दादाजींनी विचारले.

"जिंकली, दादाजी," नातू अभिमानाने म्हणाला.

हा एक शब्द त्या घरात ठिणगीसारखा पडला. सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे. दिवाळीच्या रात्रीसुद्धा ज्या घरात कधी तीन पत्ती मांडली गेली नाही, तेथे नातू डबाभर जिंकून बसला होता! दादाजी डबा उचलून बंबापर्यंत गेले. पण आत टाकण्यापूर्वी हिशेब पाहण्याची आयुष्यभराची सवय आड आली. ते परत आले आणि म्हणाले, "हा खेळ खेळतात कसा, ते आधी मला दाखव."

नातवाने दाखवले. दोघांनी आपापली कार्डे उपडी करून गठ्ठा रचायचा, पोकळ तळव्याने त्यावर थाप मारायची. जेवढी कार्डे उलटतील तेवढी थाप मारणाऱ्याची. दादाजींनी एक कार्ड हातात घेऊन चष्म्याखाली धरले. "मग यावर इतके आकडे आणि इतका मजकूर कशासाठी छापला आहे?"

नातू निरुत्तर झाला. वर्षभर कार्डे जमवणाऱ्या त्या मुलास खरा खेळ ठाऊकच नव्हता.

हा खेळ पोकेमॉनचा. जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये पोकेमॉनचे पहिले व्हिडिओ गेम आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पत्त्यांचा खेळ आला. १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवर ॲनिमे, म्हणजे जपानी धाटणीची चित्रमालिका सुरू झाली. पत्ते इंग्रजीत आले ते १९९९ मध्ये. या विश्वाचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. जमवावे आणि मित्राशी अदलाबदल करावी, ही कल्पना तेथूनच आली. पोकेमॉनच्या मालकीत भागीदार असलेली निन्टेन्डो ही पेढी १८८९ मध्ये क्योटो येथे सुरू झाली, तीच मुळी पत्ते तयार करण्यासाठी.

सुटीत पुण्याहून आजोळी आलेली नातवाची आतेबहीण हा खेळ जाणत होती. शिकाऊ मंडळींसाठी २०२० मध्ये निघालेला 'बॅटल अकॅडमी' हा संच तिच्यापाशी होता. त्यात ६०-६० पत्त्यांचे तीन तयार कॅट, एक पट आणि पायरीपायरीने खेळ शिकवणाऱ्या पुस्तिका असतात. "नानाजी, तुम्हीही बसा," ती म्हणाली, आणि रोज सायंकाळी, चौविहारापूर्वीचे जेवण आटोपले की ओसरीवर शिकवणी सुरू झाली.

नियम असे. प्रत्येकाचा कॅट बरोबर ६० पत्त्यांचा. मूलभूत ऊर्जा कार्डे वगळता एकाच नावाचे पत्ते चारांहून अधिक चालत नाहीत. कॅट पिसून प्रत्येकाने ७ पत्ते हाती घ्यायचे. त्यांतला एक प्राथमिक पोकेमॉन पुढे मांडायचा. आणखी असतील तर मागच्या बाकावर, पण पाचांपर्यंतच. नंतर आपल्याच कॅटमधले वरचे ६ पत्ते न पाहता बाजूला ठेवायचे. ही बक्षिसाची कार्डे. आपली पाळी आली की आधी एक पत्ता ओढायचा. एका पाळीत एकाच पोकेमॉनला एकच ऊर्जा कार्ड जोडता येते. हल्ला करण्यास किती ऊर्जा लागते, ते पत्त्यावर छापलेले असते. आणि हल्ला झाला की पाळी संपते. जो पहिला खेळतो, त्यास पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही. आरंभाचा लाभ एकाच्याच पदरी पडू नये, यासाठी ही तजवीज.

प्रत्येक पोकेमॉनचे बळ आकड्यांत लिहिलेले असते. बळ ७० असेल आणि ३० चा फटका बसला तर ४० उरते. हा पोकेमॉन बाकावर परत गेला तरी झालेली हानी पुसली जात नाही. पत्त्यावर दाखवलेल्या दुबळ्या बाजूने फटका आला तर तो दुप्पट धरतात. चारमँडर थेट चारिझार्ड होत नाही. मधली चारमेलियनची पायरी घ्यावी लागते, आणि ज्या पाळीत पत्ता मांडला त्याच पाळीत त्याची वाढ करता येत नाही. ट्रेनर नावाचे साहाय्यक पत्ते असतात. त्यांतल्या वस्तू हव्या तितक्या वापराव्यात, पण 'सपोर्टर' पाळीत एकच.

दादाजींना हे सर्व अनोळखी वाटले नाही. ऊर्जा म्हणजे भांडवल, बाक म्हणजे राखीव माल, आणि एकाच बलाढ्य पोकेमॉनवर सारी ऊर्जा लावणे म्हणजे एकाच गिऱ्हाइकाला सगळी उधारी देणे. 'ईएक्स' प्रकारचा बलाढ्य पोकेमॉन पडला तर समोरच्यास एकाऐवजी दोन बक्षिसे घेता येतात. मोठे खाते बुडाले की घावही मोठाच. तरीही पहिले तीन डाव दादाजी हरले. एकदा तर त्यांच्या हाती एकही प्राथमिक पोकेमॉन आला नाही. अशा वेळी हात दाखवून पुन्हा पिसावा लागतो, आणि समोरच्यास एक पत्ता जास्त घेण्याची मुभा मिळते.

मग कागद-पेन्सिल निघाली. ६० पत्त्यांत प्राथमिक पोकेमॉन १२ असतील तर पहिल्या ७ पत्त्यांत एकही न येण्याचा प्रसंग साधारण पाच वेळांत एकदा येतो. ते सहाच असतील तर जवळजवळ निम्म्या वेळा येतो. गल्ल्यात सुटे पैसे न ठेवता दुकान उघडणाऱ्याची जी गत, तीच ही. शक्यतेचे गणित पाठ्यपुस्तकात येण्यापूर्वीच नातवाने स्वतःच्या कॅटमधली पोकेमॉनची संख्या वाढवली.

दादीजी मात्र माळ हाती धरून लांबून पाहत होत्या. त्यांचा आक्षेप मुळावरचा होता. "जीवांना भांडायला लावायचे, हा खेळ आपल्या घरात? यशोधर राजाने पिठाचा कोंबडा बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, पण भाव तर मारण्याचाच होता ना? त्याचे फळ त्याला जन्मोजन्मी भोगावे लागले."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि कोणी तो नेलाही नाही. नातू म्हणाला, "दादीजी, यात कुणी मरत नाही. हरलेला पोकेमॉन दमून बेशुद्ध पडतो, नंतर बरा होतो." ते खरेच आहे, पोकेमॉनच्या जगात तसेच दाखवतात. दादीजींचे पूर्ण समाधान झाले नाही. पण त्यांनी एक अट घातली. डावात "मारला" हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, "दमवला" म्हणायचे. आणि डाव संपला की एकमेकांना हात जोडायचे. भाव आधी जिभेवर घडतो, हे त्या माउलीस ठाऊक होते. पहिल्या दिवशी मुलांनी ही अट हसत पाळली. पुढे आठवण करून द्यावी लागली नाही.

खेळाचे आणि धर्माचे आपल्याकडे वैर नव्हतेच. पर्युषणात खेळली जाणारी ज्ञानबाजी हा सापशिडीचा जैन अवतार; त्याच्या पटावर बहुधा ८४ घरे असतात आणि वाट मोक्षाकडे जाते. नवकाराच्या पाच पदांचे आकडे उलटसुलट मांडून तयार होणाऱ्या १२० रांगांची अनानुपूर्वी चित्त एकाग्र करण्यासाठीच आहे. ज्या समाजाने आकड्यांतून ध्यान साधले, त्याने आकड्यांच्या खेळास भिण्याचे कारण नाही. भ्यावे ते आसक्तीला.

आता मूळ प्रश्न. हे द्यूत आहे की नाही? चौथ्या सायंकाळी दादाजींनी प्रथमच डाव जिंकला. सहावे बक्षीस कार्ड उचलताना ते थबकले. सहाही पत्ते त्यांच्या स्वतःच्याच कॅटमधले होते. समोरच्याचा एकही पत्ता त्यांच्याकडे आला नव्हता. डाव आवरला तेव्हा त्यांचे ६० त्यांच्यापाशी आणि नातवाचे ६० नातवापाशी. ज्याचे त्याच्याकडे. वहीखात्याच्या भाषेत, दोन्ही बाजू जुळलेल्या.

खेळ आणि जुगार यांतील सीमारेषा येथे आहे. जेथे एकाचा लाभ दुसऱ्याच्या वस्तूतून निघतो, तेथे पण लागला. तेथे द्यूत आले. या जातीच्या पत्त्यांचा आद्य खेळ 'मॅजिक' १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचला, तेव्हा त्यात प्रत्येकाने एक पत्ता पणास लावावा आणि जिंकणाऱ्याने तो न्यावा, असा नियम होता. पुढे तो सोडून देण्यात आला. खुद्द खेळ रचणाऱ्यांनी जे टाकले, ते नियम न शिकलेली मुले थापेच्या खेळात पुन्हा उचलतात. म्हणजे नातवाने कार्डे खेळली, हा दोष नव्हता. तो खरा खेळ कधी खेळलाच नव्हता, हा दोष होता.

"दादाजी, मग माझ्या डब्यातली कार्डे?" नातवाने आपणहून विचारले. त्यांतली चाळीसएक कार्डे गल्लीतल्या एका चौथीतल्या मुलाची होती.

"तुझ्या खात्यात ती जमा आहेत, पण ती तुझी आहेत का?" एवढेच दादाजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नातू ती कार्डे घेऊन त्या मुलाच्या दारी गेला. परतला तो त्या मुलालाच सोबत घेऊन. त्यालाही खेळ शिकायचा होता.

परंतु हिशेब येथे मिटला नाही. आतेबहिणीने डब्यातील उरलेली कार्डे चाळली आणि बहुतेक बाजूला काढली. "नानाजी, ही खोटी आहेत." अधिकृत खेळाचे नेहमीचे पत्ते जाड कागदाचे, साधारण ६३ गुणिले ८८ मिलिमीटरचे असतात, तळाशी संचातला क्रमांक असतो, वर्तुळ, चौकट किंवा चांदणी हे दुर्मीळतेचे चिन्ह असते. डब्यातली कार्डे चकचकीत सोनेरी प्लास्टिकची होती. नावांत चुका होत्या, आकडे मनास येतील तसे छापले होते.

"कुठल्या दुकानातून घेतलीस?" दादाजींनी विचारले.

नातू खाली पाहू लागला. "आपल्याच, दादाजी."

गल्ल्यामागे दोरीवर पाकिटांची माळ लोंबत होती. घाऊक बाजारातून येणारा, हातोहात खपणारा माल. मुलगा म्हणाला, "बाबूजी, आपण नाही ठेवली तर शेजारचा ठेवील." पेठेत शतकानुशतके हेच उत्तर दिले गेले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत कमीअधिक मापांच्या जोडीला 'प्रतिरूपकव्यवहार' आहे. म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नकली माल देणे. घेणारा दहा वर्षांचा असला म्हणून हा अतिचार लहान होत नाही; उलट पारख नसलेल्या गिऱ्हाइकापुढे दुकानदाराची जबाबदारी वाढते. त्या सायंकाळी ती माळ खाली उतरली. नुकसान शे-दोनशेंचे झाले आणि रोजमेळात खर्ची पडले.

अस्सल मालासही एक सावधगिरी हवीच. बंद पाकिटात कोणते पत्ते आहेत, हे फोडेपर्यंत कळत नाही. दुर्मीळ पत्त्याच्या आशेने एकामागून एक पाकीट फोडले जाते. अमेरिकेत १९९९ मध्ये याच कारणाने काही पालक न्यायालयात गेले होते, आणि अनेक शाळांनी ही कार्डे आणण्यास मनाई केली होती. २०२१ मध्ये एक पोकेमॉन कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलरना विकले गेले. अशा बातम्यांनी खेळाचा सट्टा होतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी परिग्रहाचे परिमाण येथेही ठरवावे: ६० पत्त्यांचा तयार कॅट घ्यावा, त्यात आत काय आहे ते आधी कळते, पाकिटांची वार्षिक मर्यादा मुलाकडूनच वहीत लिहून घ्यावी, अदलाबदल दोघांच्या संमतीने आणि लहानग्याची फसगत न होता व्हावी, आणि सामायिकाची ४८ मिनिटे जशी नेमलेली असतात, तशी खेळाचीही वेळ नेमलेली असावी.

नारायणगाव, ओतूर, घोडेगाव, मंचर येथल्या किती कपाटांत असे डबे असतील, ते ज्याचे त्याने पाहावे. डबा सापडला तर बंबाकडे नेण्यापूर्वी मुलासमोर बसावे आणि विचारावे, "हा खेळ खेळतात कसा?" उत्तर देता आले तर त्याच्याकडून शिकावे, न आले तर त्याच्यासोबत शिकावे. ज्या वडीलधाऱ्यास नियम ठाऊक आहेत, त्याचाच "नको" हा शब्द मूल ऐकते.