समुद्रतळाचा जुना हिशेब

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील सुमारे 1400 टन स्फोटकांचा भडका उडाला आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. पुढे 67 वर्षांनी, 2011 साली, गोदीतला गाळ उपसताना 45 किलोंचा जिवंत तोफगोळा हाती लागला. पाण्यात बुडालेला दारूगोळा निकामी होतोच असे नाही.

जून 2024 मध्ये केंद्राने गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉटच्या पवनवीज प्रकल्पांसाठी 7453 कोटींची योजना मंजूर केली. तेथे दारूगोळा असेलच असे नव्हे. परंतु पाहिल्यावाचून तो नाही असे म्हणणे हा जुगार होय. जर्मनीच्या रिफगाट प्रकल्पातील पवनचक्क्या 2013 च्या उन्हाळ्यात उभ्या राहिल्या. पण केबलच्या मार्गात महायुद्धकालीन दारूगोळा निघाल्याने वीज किनाऱ्यावर यायला 2014 चा फेब्रुवारी उजाडला. तोवर चक्क्या सुस्थितीत ठेवण्यासाठी डिझेल जाळावे लागले!

चुंबकीय उपकरणांनी तळ तपासणे, संशयित वस्तूस वळसा घालणे, ते अशक्य असेल तेथेच ती तज्ज्ञांकरवी निकामी करणे, हे उपाय ज्ञात आहेत. प्रश्न खर्चाचा आहे. पाहणी ठेकेदारावर सोपविली, तर अज्ञात धोक्यापोटी तो निविदेचा आकडा फुगवील, अथवा पाहणीतच काटकसर करील. पहिल्याचा भुर्दंड मोरिवलीच्या कारखानदारापासून कारकुनापर्यंत प्रत्येक करदात्यास, दुसऱ्याचा मजुराच्या जिवास. म्हणून निविदेपूर्वीच सरकारने स्वखर्चाने पाहणी करून तिचे नकाशे सर्व बोलीदारांस खुले करावेत. हा खर्च टाळता येत नाही. तो आधी करायचा की नंतर, एवढेच सरकारच्या हाती आहे.